कागद गुंडाळलेले बाण

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, पुस्तकांचं बाइंडिंग करतात. दुकानात शिरलं की आधी खळीचा वास येतो, मग पुठ्ठ्यांची थप्पी दिसते आणि थप्पीमागे दाजी दिसतात. बोटांवर वाळलेल्या खळीचे पापुद्रे, कानावर पेन्सिल, मांडीवर कुणाचा तरी पाठ निखळलेला शब्दकोश. माणूस एवढा नेटका की जेवून झाल्यावर कागदी रुमालाचीसुद्धा कोपऱ्याला कोपरा जुळवून घडी घालणार, आणि ताईने तो चुरगळून टाकला की तोंड पाडून बसणार.

या माणसाला दोन वेडं. एक तिरंदाजीचं आणि दुसरं तिरंदाजीवर बोलण्याचं. पहिल्याचा कुणाला काही त्रास नव्हता.

पाण्याच्या टाकीमागच्या मैदानावर दर रविवारी सकाळी आमचं मंडळ जमतं. मैदानाचे दोन भाग आहेत. ते कुणी आखलेले नाहीत, पण आहेत. डावीकडे लाकडी धनुष्यवाले उभे राहतात, उजवीकडे धातूची, चाकांची, भिंगाची धनुष्यं घेतलेले. त्यांना आम्ही मशीनवाले म्हणतो. ते आम्हाला काय म्हणतात हे मी कधी विचारलेलं नाही. मी डावीकडचा, तोही दाजींनी मानगूट धरून नेलं म्हणून. नेम माझा आजही यथातथाच आहे.

दाजी म्हणजे डावीकडचे पुढारी. उजवीकडे कुणी नवं धनुष्य पिशवीतून काढलं की हे मुद्दाम तिकडे चक्कर मारून यायचे. "हे धनुष्य आहे का सायकल?" असं विचारायचे आणि माझ्याकडे बोट दाखवायचे. "तो आमचा मेहुणा. त्याच्याकडे न्या, पंक्चर काढून देईल." माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. पहिल्यांदा मीही हसलो. पुढे पुढे मला त्यांच्या त्या वाक्याची चाहूल लागली की मी बाण शोधायला गवतात जायचो.

त्यांच्या या सगळ्या तोऱ्याच्या मागे एक म्हातारा माणूस होता. त्यांना आम्ही सगळे वस्ताद म्हणतो. धंद्याने सुतार. जन्मभर लोकांची दारं-खिडक्या केली आणि उरलेल्या वेळात धनुष्यं. डावीकडच्या प्रत्येकाच्या हातातलं धनुष्य त्यांनी केलेलं. कुणी मागायला गेलं तर ते आधी त्या माणसाचे खांदे दाबून बघायचे, हात लांब करायला सांगायचे, मग "बघू" म्हणायचे. पुढे कित्येक महिने काही नाही. माणूस विसरून जायच्या बेताला आला की निरोप यायचा, घेऊन जा. त्यांचा एक नियम होता. आपल्या हातचं धनुष्य निकामी झालं तर ते फेकायचं नाही, कुणाला द्यायचं नाही, मुठीपाशी कापून टाकायचं. अख्खं दिसलं की कुणीतरी उचलतो, ओढून बघतो आणि डोळा घालवून बसतो, असं ते सांगायचे.

मग त्यांची नजर अधू झाली आणि हात कापायला लागले. त्याआधी केलेलं शेवटचं धनुष्य त्यांनी दाजींना दिलं. देताना एवढंच म्हणाले, "सांभाळ रे, आता दुसरं होणार नाही." दाजींनी ते असं सांभाळलं की ताई म्हणायची, मला या घरात कुणी कधी इतक्या अलगद धरलं नाही.

आता मुख्य गोष्ट. दाजींचा उजवा खांदा दुखायला लागला. दिवसभर वाकून पुस्तकं शिवायची, दाबयंत्राचा दांडा पिळायचा, त्यात पन्नाशी उलटलेली. दोरी पुरती कानापर्यंत ओढली जाईना. अर्धवट ओढलेला जड बांबूचा बाण निशाणाच्या अलीकडे गवतात पडायचा. दाजी म्हणायचे, वारा आहे. मैदानावर पान हलत नसायचं, पण आम्ही मान डोलवायचो.

उजवीकडे एक बाई यायच्या, व्यायामोपचाराचा दवाखाना आहे त्यांचा. दाजी खांद्यासाठी त्यांच्याकडे गेले. चोरून गेले, ताईलासुद्धा सांगितलं नाही. बाईंनी खांदा बघितला आणि सरळ सांगितलं, की एवढं जड ओढू नका. दोरी बदला. आमच्याकडची ही नवी दोरी ताणत नाही, ओढलेलं सगळं बळ बाणाला देते. बाणही हलके घ्या, कार्बनचे. अर्धं ओढलंत तरी पोचेल. आणि पुढे हेही म्हणाल्या, की जुन्या लाकडाला ही दोरी सोसेलच असं नाही, आधी वस्तादांना दाखवा.

दाजींनी दोरी घेतली, बाण घेतले आणि शेवटचं वाक्य तिथेच दवाखान्यात ठेवून आले.

दाखवणार कसे? ज्या तोंडाने सायकल सायकल म्हटलं त्याच तोंडाने वस्तादांना सांगायचं, की मला सायकलची चेन हवी आहे? त्यापेक्षा त्यांनी आपली कारागिरी पणाला लावली. दोरी काळीभोर होती, ती तपकिरी मेणात घोळून जुन्या सुतासारखी केली. बाणांना पुस्तकाच्या अस्तराचा पातळ पिवळट कागद असा गुंडाळला की सांधा नखाला लागू नये. त्यावर मध्ये मध्ये दोऱ्याचे वेढे देऊन बांबूची पेरं केली, पेरांना रंग दिला, वरून रोगण. पिसं मात्र खरी लावली, कारण प्लास्टिकची पिसं त्यांना खरोखरच आवडत नव्हती. बाईंनी नेम धरायचं भिंगही देऊ केलं होतं. ते यांनी एकदा लावून बघितलं आणि परत केलं. दुसऱ्याचा चष्मा घातल्यासारखं वाटतं म्हणाले. बोटांत घालायची जुनी चामड्याची टोपणं ठेवली, नवी नाही घेतली. म्हणजे धनुष्य वस्तादांचं, दोरी बाईंची, बाण मशीनचे, पिसं पक्ष्याची आणि कातडं स्वतःचं. ज्याला जे सोसेल ते त्याने घ्यावं, यात मला तरी काही वावगं दिसत नाही. लपवलं कशाला, हा माझा सवाल आहे.

बाण पोचायला लागले. नुसते पोचले नाहीत, मधोमध रुतायला लागले. आम्ही तोंडात बोटं घातली. दाजी लाजून खाली बघायचे. आम्हाला वाटलं, विनय आहे.

वस्ताद दर रविवारी आपल्या शिक्षिका मुलीचा हात धरून मैदानावर यायचे आणि खुर्चीत बसून ऐकायचे. दिसत नव्हतं, पण कान शाबूत होते. एका रविवारी दाजींनी बाण सोडला आणि वस्तादांनी मान वर केली. "आवाज बदललाय," ते म्हणाले. "आधी ठप्प वाजायचं. आता टणकन वाजतंय."

दाजींचा चेहरा मी पाहिला होता. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही.

"मेण नवीन लावलंय, वस्ताद."

"मेणाने नाही होत असं." वस्ताद हसले. मग शेजाऱ्याला म्हणाले, "लाकूड मुरलं. शेवटचं होतं ना, जीव ओतला होता त्यात." पुढचे कित्येक रविवार ते भेटेल त्याला हेच सांगत होते, की माझं शेवटचं धनुष्य सगळ्यांत सरस निघालं. मुलगी सांगत होती, की घरी जेवताना सुद्धा हाच विषय. आणि दाजी मूग गिळून उभे. वस्तादांनी जितकं कौतुक करावं तितके ते आत आत मरत होते, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. मी म्हटलं, मरत होतात तर बोलायचं होतंत.

मग ते व्हायचं ते झालं. दाजींनी दोरी ओढली, सोडली आणि धनुष्याचं वरचं टोक काडकन मोडलं. ती न ताणणारी दोरी दर बाणागणिक टोकाच्या खाचेत थोडी थोडी रुतत गेली होती. टोक उडून दाजींच्या भुवईवर आदळलं. रक्त डोळ्यात उतरलं. आम्ही सगळे धावलो. तेवढ्यात, भुवई फुटलेली असताना, डोळा उघडत नसताना, आमच्या दाजींनी पहिलं काम काय केलं असेल, तर खाली पडलेली दोरी गोळा करून खिशात कोंबली. मी पाहिलं ते. मला वाटलं, घाबरलेला माणूस काहीही करतो.

दवाखान्याच्या बाई उजवीकडून धावत आल्या, जखम दाबून धरली. हळूच विचारलं, "वस्तादांना दाखवलं होतंत ना?" दाजींनी मान हलवली. हो म्हणून.

वस्तादांनी धनुष्याचा तुकडा मागून घेतला. मोडलेल्या जागेवरून बराच वेळ बोट फिरवलं. मग म्हणाले, "लाकूड कच्चं घेतलं मी. हाताला कळलं नाही." कुणीतरी म्हणालं, असू दे वस्ताद, होतं असं. ते म्हणाले, "होत नाही. माझ्या हातून झालं." आणि जिथून दाजींचं कण्हणं येत होतं तिकडे तोंड करून त्यांनी हात जोडले. "डोळा वाचला तुझा. मला माफ कर."

दाजींनी तोंड दुसरीकडे वळवलं. भुवईवर कापड दाबलेलं होतं, त्याचा त्यांना तेवढाच आडोसा मिळाला.

इथे गोष्ट संपली असती तर दाजी एकटेच कुढत बसले असते आणि मला ही लिहावी लागली नसती. पण वस्तादांनी घरी जाऊन ठरवलं, की एक कच्चं निघालं म्हणजे बाकीच्यांचाही भरवसा नाही. नजर कधीपासून दगा देत होती हे त्यांनाच माहीत नव्हतं. त्यांनी केलेली सगळी धनुष्यं परत मागवायची आणि येत्या रविवारी कापून टाकायची. आणि घरोघर जाऊन गोळा करायचं काम कुणाला सांगितलं, तर दाजींना. "तूच जा," म्हणाले. "तुझे टाके बघितले की कुणी नाही म्हणणार नाही."

आणि हे महाशय गेले. भुवईवर टाके घेऊन दारोदार गेले. शिंप्याने धनुष्य काढून दिलं आणि म्हणाला, "बिचाऱ्यांचे हात गेले म्हणायचे." दाजींनी ते ऐकून घेतलं. केस कापायच्या दुकानात लोक बोलत होते, म्हातारपणी माणसाने हौस आवरावी, कुणाचा तरी जीव जायचा. दाजी तिथे दाढीचा साबण लावून बसले होते. तेही ऐकून घेतलं.

माझ्याकडे ते सगळ्यांत शेवटी आले. मी साफ नाही म्हटलं. माझं धनुष्य मला लाडकं होतं, त्याच्या मुठीला मी हिरवा दोरा गुंडाळला होता, आणि माझ्यासारख्या माणसाच्या हातातही ते कधी कुरकुरलं नव्हतं.

"माझ्या धनुष्याला काही झालेलं नाही," मी म्हटलं.

"वस्ताद जेवत नाहीत नीट," दाजी म्हणाले. "दे."

ते माझ्याकडे बघत नव्हते. मला वाटलं, टाके दुखत असतील. मी दिलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ते माझ्या दुकानात आले. मी एका चाकाच्या तारा ओढत होतो. उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसले आणि म्हणाले, "तुझं धनुष्य चांगलं होतं."

"ते मला ठाऊक आहे."

"सगळ्यांचीच चांगली होती."

मग त्यांनी सांगितलं. दवाखाना, दोरी, मेण, कागद, पेरं, सगळं. पिशवीतून एक बाण काढला आणि नखाने कागद सोलून दाखवला. आत काळा कुळकुळीत कार्बन. मी हातातला पाना खाली ठेवला, कारण त्या वेळी तो माझ्या हातात असणं बरं नव्हतं.

"काल माझं धनुष्य तिकडे नेऊन दिलंत तेव्हा का नाही बोललात?"

"बोलायलाच गेलो होतो. वस्तादांनी जवळ बसवलं, टाक्यांवरून बोट फिरवलं. म्हणाले, अजून ठणकतं का रे. मला तोंड उघडवेना."

"आणि ताईला?"

"तिला सकाळी सांगितलं. ती स्वयंपाकघरात गेली आणि आतूनच म्हणाली, त्यांना सांगून या, मग जेवायला वाढते."

आमची ताई फार बोलत नाही. मी मात्र बोललो. रस्त्यावरच्या लोकांनी वळून बघावं इतकं बोललो. ज्या माणसाने तुम्हाला शेवटचं धनुष्य दिलं त्याला तुम्ही गावभर बिनहाताचा करून टाकलंत, असं म्हणालो. दाजींनी एकदाही स्वतःची बाजू मांडली नाही. खाली मान घालून खळीचे पापुद्रे सोलत बसले. शेवटी मलाच कसंसं झालं. दुकानाचं शटर ओढलं आणि म्हटलं, "चला. रविवारी कापणार आहेत ना? अजून वेळ आहे."

वस्तादांची कामाची खोली घराच्या मागे आहे. दार उघडंच होतं. आत गेल्या गेल्या ताज्या भुशाचा वास आला. एरवी मला तो वास आवडतो.

वस्ताद पाटावर बसले होते. मुलगी केरसुणीने भुसा ओढत होती. "शाळेला सुट्टी होती आज," ती म्हणाली, "म्हणून सकाळीच उरकलं. मी धरलं, बाबांनी कापलं. रविवारपर्यंत त्यांना धीर निघत नव्हता." भिंतीशी तुकड्यांचा ढीग होता. वरच हिरव्या दोऱ्याची मूठ होती, मधोमध चिरलेली.

मला वाटलं, आता दाजी मागे फिरतील. खरं सांगतो, त्यांनी फिरावं असं मला एक क्षण वाटलंही. आता सांगून कुणाचं काय भलं होणार होतं? पण ते वस्तादांसमोर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी एका दमात सगळं सांगितलं. मेणाबद्दल खोटं बोललो हेही सांगितलं, खिशात दोरी लपवली हेही सांगितलं. मुलीच्या हातातली केरसुणी थांबली.

वस्तादांनी हात पुढे केला. "बघू दोरी."

दाजींनी दोरी त्यांच्या तळहातावर ठेवली. वस्तादांनी ती दोन बोटांत फिरवली, ताणून पाहिली. ती ताणली नाही.

"म्हणजे लाकूड कच्चं नव्हतं," ते म्हणाले.

"नव्हतं, वस्ताद."

"माझा हात चुकला नव्हता."

"नाही."

त्यांचा चेहरा असा उजळला की मला तिकडे बघवेना. मी शिव्यांची वाट बघत होतो. शिव्या परवडल्या असत्या. म्हातारा आनंदला होता. मुलीकडे वळून म्हणाला, "ऐकलंस का गं? लाकूड चांगलं होतं." तिने ऐकलं होतं. ती त्यांच्याकडे बघत नव्हती, ढिगाकडे बघत होती. मग त्यांच्याही ते ध्यानात आलं असावं, कारण हसू तसंच राहिलं आणि हात भिंतीकडे गेला.

त्यांनी ढिगातला एक तुकडा उचलला, अंगठ्याने चाचपला. "हेही चांगलं होतं. कुणाचं रे हे?"

"शिंप्याचं," दाजी म्हणाले. गोळा त्यांनीच केली होती, त्यांना सगळी ओळखता येत होती.

"आणि हे?"

"पोस्टमनचं."

"हे?"

"मेहुण्याचं."

दुकानातून निघताना माझ्या मनात जेवढा राग होता तो कुठे गेला कुणास ठाऊक. मला फक्त शरम वाटत होती, आणि ती माझी नव्हती तरी माझ्याच्याने मान वर होत नव्हती. दाजी प्रत्येक तुकड्याला नाव देत राहिले. वस्ताद एकेक तुकडा मांडीशेजारी नीट रचत राहिले, जोडीला जोडी लावून.

सगळे तुकडे लावून झाल्यावर त्यांनी पुन्हा ती दोरी चाचपली. "कशी होती रे?" त्यांनी विचारलं.

दाजींना आधी प्रश्नच कळला नाही. मग म्हणाले, "खांदा दुखायचा नाही. थोडं ओढलं तरी बाण लांब जायचा. तुमचंच धनुष्य, वस्ताद, पण हात हलका वाटायचा." इतक्या दिवसांत त्या दोरीबद्दल ते पहिल्यांदाच कुणाशी मोकळं बोलले असतील.

"मग सांगायचंस की. टोकाला शिंगाची चकती बसवली असती, तर दोरी रुतली नसती. मुलीने धरलं असतं, मी चिकटवलं असतं. एका दुपारचं काम."

"तुम्ही रागावला असतात," दाजी म्हणाले.

"रागावलो असतो," वस्ताद म्हणाले. "आणि बसवून दिली असती."